वऱ्हाडची युवराज्ञी व तिची जाऊ

सार्वजनिक वाचनालयाच्या फडताळांत इंग्रजी करमणुकीच्या पुस्तकांचा जो एक कोपरा असतो, त्यांत एका ठराविक कथानकाच्या कादंबऱ्या हटकून आढळतात. एक गरीब पण मानी परिचारिका. वाळवंटांतील एक धनाढ्य आणि करारी शेख. कांहीं अडचणीपोटीं उभयतांमध्यें ठरलेला, नुसत्या सोयीचा विवाह. आणि अखेरच्या प्रकरणांत त्या सोयीचें प्रेमांत झालेलें रूपांतर. या कुळाची पणजी म्हणजे ई. एम. हल् या बाईंची १९१९ सालीं प्रसिद्ध झालेली 'द शेख' ही कादंबरी. दोन वर्षांनीं तिच्यावर चित्रपट निघाला, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो त्यांत नायक झाला, आणि तेव्हांपासून पाश्चात्य वाचकवर्गाला शेखाचें जें वेड लागलें तें अद्याप पुरतें उतरलेलें नाहीं. मूळ कादंबरींतील नायिका परिचारिका नव्हती; ती भर मागाहून आलेल्या लेखिकांनीं घातली.

अशा पुस्तकांना नाक मुरडावें असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या समाजांतील बहुतेक विवाह आजवर सोय पाहूनच झालेले आहेत. 'सोय' आणि 'सोयरीक' या शब्दांची व्युत्पत्ति पंडित कशीही लावोत, कानाला त्या सख्ख्या बहिणीच वाटतात. आणि व्यवहारानें जोडलेलें नातें पुढें हृदयानें पुरें व्हावें ही आशा मराठी घरांतील कोणत्या मुलीनें केलेली नाहीं? कादंबरी त्या आशेला पुरवणी जोडते एवढेंच.

परंतु इतिहास शिकविणाऱ्याला एक खोड असते. गोष्ट ऐकली कीं ती कोठें खरोखर घडली होती काय, याचा तो शोध घेऊं लागतो. या गोष्टीचा शोध घेतां घेतां आम्ही अरबस्तानांत नव्हे, तर आमच्याच अंगणांत येऊन पोहोंचलों. ज्या दोन वधूंची हकीकत पुढें सांगावयाची आहे, त्यांपैकीं एकीची पदवी 'प्रिन्सेस ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडची युवराज्ञी, अशी होती. आणि आमचा यवतमाळ जिल्हा हा अमरावती, अकोला व बुलढाणा यांच्या जोडीनें त्या वऱ्हाडाचा चौथा जिल्हा. दुसरी वधू ही तिची जाऊ, आणि परिचारिका झाली ती हीच. नवरे शेख नव्हते, हैदराबादच्या निजामाचे पुत्र होते. पण संपत्तीच्या आणि बोलण्यांच्या बाबतींत त्यांच्या घराण्यानें कोणत्याही कादंबरीकाराला चार धडे दिले असते. फक्त गोष्टीचा क्रम इतिहासानें उलटा लाविला. कादंबरींत परिचारिका राजवाड्यांत जाते. येथें राजवाड्यांत आलेली सून परिचारिका झाली. या उलट्या क्रमांतच आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचा बोध आहे.

ती पदवी काय होती हें समजण्यासाठीं आधीं वऱ्हाडाची कुंडली मांडली पाहिजे. आमच्या प्रांताचें नांव आणि लग्नाला निघालेल्या मंडळीचें नांव एकच असावें ही भाषेची एक गंमत आहे. पण इतिहास पाहतां वऱ्हाडाच्या वांट्याला वऱ्हाडी होण्याचें भाग्य क्वचितच आलें. बहुधा त्याला वधूच व्हावें लागलें. १५९६ सालीं मोगलांच्या वेढ्यांतून अहमदनगर वांचविण्यासाठीं चांदबिबीनें हा प्रांत अकबरपुत्र मुराद याच्या हवालीं केला. खुद्द चांदबिबीचें लग्नही राजकारणाचेंच होतें. हुसेन निजामशहाची ही कन्या विजापूरच्या अली आदिलशहास दिली तेव्हां सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला, आणि त्या सोयरिकीनें जवळ आलेले सासरे-जांवई १५६५ मध्यें विजयनगरावर चालून गेले. मुलगी, किल्ला आणि प्रांत हीं तिन्हीं एकाच तराजूंत घालण्याची रीति दक्षिणेंत जुनी आहे.

पुढें १८०३ सालीं आडगांव व गाविलगड येथें भोंसल्यांचा मोड झाला आणि देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. इंग्रजांनीं तें आपल्या दोस्तास, म्हणजे निजामास, दिलें. पन्नास वर्षांनीं त्याच दोस्ताकडे इंग्रजी शिस्तीच्या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, तेव्हां १८५३ मध्यें लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत तेंच वऱ्हाड नव्या तहानें इंग्रजांनीं आपल्या ताब्यांत घेतलें. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. काळ्या कसदार जमिनीचा हा कापूसपिका मुलूख किती मोलाचा आहे, हें अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी माजून तिकडील कापूस बंद झाल्यावर सर्वांस कळून आलें. आमचा जिल्हाही याच अमदानींतला. १८६४ सालीं तो निराळा झाला. प्रथम आग्नेय वऱ्हाड, नंतर वणी, आणि पुसद तालुका जोडला गेल्यावर १९०५ पासून यवतमाळ, असें त्याचें तीनदां बारसें झालें.

निजामाच्या दरबारास ही जखम विसरतां आली नाहीं. पहिल्या सालारजंगानें वऱ्हाड परत मिळविण्याचा ध्यास घेतला; १८७६ मध्यें तो विलायतेस जाऊन आला, पण पदरीं कांहीं पडलें नाहीं. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन हैदराबादेस आला, निजाम महबूब अली खान यांच्याशीं खासगींत बोलला, आणि सालीना २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचें पट्ट्यानें घेऊन गेला. निजामास त्याबरोबर जी. सी. बी. हा किताब मिळाला. त्या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ थट्टेखोर लोक 'कर्झनला वऱ्हाड दिलें' असा करीत. या सगळ्या व्यवहारांत वऱ्हाडाला मात्र कोणीं विचारलें नाहीं. बोलणीं वडीलधाऱ्यांचीं, देणेंघेणें त्यांचेंच. ज्याचें नांव पत्रिकेंत, त्यानें निमूटपणें माप ओलांडावें एवढेंच त्याच्याकडे उरलें.

१९११ सालीं मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९२३ मध्यें त्यांनीं वऱ्हाडाची मागणी पुन्हां केली, आणि १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंगनें त्यांस स्पष्ट शब्दांत बजाविलें कीं हिंदुस्थानांत इंग्रजी सत्तेच्या बरोबरीनें बोलण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाहीं. जगांतल्या सर्वांत श्रीमंत पुरुषांत ज्याची गणना होत असे, त्याला आपलाच मुलूख मागतां येईना. अशा पुरुषानें मुलुखाऐवजीं मान मिळविण्याकडे दृष्टि वळविली तर तें मनुष्यस्वभावास धरूनच म्हटलें पाहिजे. आणि तो मान त्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहरांतील एका बंगल्यांत, हलाखींत दिवस काढीत होता.

त्याची हकीकत अशी. पहिल्या महायुद्धांत तुर्कस्तानचा पाडाव झाला. खिलाफत टिकावी म्हणून अली बंधू व महात्मा गांधी यांनीं इकडे सारा देश हलविला, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्यांच्यासाठीं ही चळवळ त्या तुर्कांनींच १९२२ च्या नोव्हेंबरांत सुलतानपद मोडलें, अब्दुल मजीद यांस नुसतें खलिफा म्हणून नेमलें, आणि ३ मार्च १९२४ रोजीं तेंही पद रद्द करून उस्मानी घराण्यास देशाबाहेर घालविलें. अब्दुल मजीद हे चित्रकलेचे व संगीताचे भोक्ते, स्वतः चांगले चित्रकार. राज्य नव्हतें तें नव्हतेंच; आतां देशही गेला. निजामानें त्यांस दरमहा ३०० पौंडांची नेमणूक करून दिली. त्यांची एकुलती एक कन्या दुरूशेहवार हद्दपारीच्या वेळीं दहा वर्षांची होती. त्याच घराण्यांतील, सुलतान पांचवा मुराद याच्या वंशांतील, नीलोफर ही आठ वर्षांची पोरकी मुलगीही आईबरोबर नीसलाच येऊन राहिली. तिचे वडील ती लहान असतांनाच वारले होते.

या दोन मुलींचीं लग्नें निजामाच्या दोन मुलांशीं जुळविण्याच्या खटपटींत मौलाना शौकत अली पुढें होते. थोरला आझम जाह याला दुरूशेहवार, धाकटा मुअज्जम जाह याला नीलोफर. खलिफांच्या बाजूनें मेहेराची रक्कम पन्नास हजार पौंड सांगितली गेली. ती निजामास फार वाटली. तेव्हां मौलानांनीं त्याच रकमेंत दुसरीही वधू मिळवून देऊन तडजोड केली, अशी आख्यायिका आहे. निजामाच्या चिक्कूपणाची कीर्ति एवढी होती कीं ही गोष्ट ज्यानें ऐकली त्यानें ती खरी मानली. १२ नोव्हेंबर १९३१ रोजीं नीस येथें दोन्ही विवाह लागले. दुरूशेहवारला सतरावें वर्ष पुरें होऊन गेलें होतें. नीलोफरला सोळावें लागलेलें होतें.

येथें क्षणभर थांबून सोय कोणाकोणाची झाली याचा हिशेब करूं. खलिफांस आधार मिळाला, आणि त्यांच्या रक्ताला पुन्हां एका राजगादीचा शेजार मिळाला. निजामास सहाशेंहून अधिक वर्षांच्या घराण्याची सोयरीक मिळाली. त्याचा नातू एका बाजूनें असफजाही गादीचा व दुसऱ्या बाजूनें खलिफांच्या वंशाचा व्हावयाचा होता. शौकत अलींच्या मोडलेल्या स्वप्नाला पुन्हां थोडा धीर आला. इंग्रज सरकारची तेवढी गैरसोय झाली, म्हणून तें या सोयरिकीकडे साशंक नजरेनें पाहात होतें. या सर्व यादींत दोन नांवें नाहींत, आणि लग्न त्या दोघींचेंच होतें.

पण हें वाचून निजामाच्या वाड्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या ओसरीकडे पाहावें. ज्या सालीं नीसला हीं लग्नें लागलीं, त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३० च्या एप्रिलांत, ब्रिटिश हिंदुस्थानांत शारदा कायदा अंमलांत आला होता, आणि मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविल्याबद्दल धर्म बुडाल्याची ओरड गांवोगांव चालू होती. आमची आजी याच सुमारास दारव्ह्याच्या एका घरांत सून होऊन आली. नवरा तिनें अंतरपाट दूर झाल्यावर प्रथम पाहिला. तिच्या धाकट्या बहिणीचें लग्न दोन वर्षांनीं झालें, आणि पहिल्याच बाळंतपणांत ती गेली. अडलेल्या बाईला घेऊन निघालेली बैलगाडी पावसाळ्यांत नाल्यापाशीं अडली. पाणी उतरलें तेव्हां घाई करण्याचें कारण उरलें नव्हतें. आजी हें सांगतांना कोणास दोष देत नसे. नाल्याला पूर होता एवढेंच म्हणे. ही आठवण आम्ही येथें उगीच काढलेली नाहीं. तिचा संबंध पुढें येईल.

नवपरिणित जोडपीं 'पिल्सना' नांवाच्या जहाजानें इकडे आलीं. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हातानें परतणारे गांधीजीही त्याच जहाजानें येत होते. ज्या खिलाफतीसाठीं त्यांनीं दहा वर्षांपूर्वीं देश जागा केला, तिच्या अखेरच्या खलिफाची कन्या सासरीं चालली होती, आणि वाटेंत तिला साडी नेसावयास व निजामापुढें कसें वागावें हें शिकविण्यांत येत होतें. १९३२ च्या जानेवारींत चौमहल्ला राजवाड्यांत मेजवानी झाली. दोघी जावा पडद्यांत राहिल्या नाहींत. हैदराबादच्या उमरावांच्या बायकांना बाहेरच्या जगाचा वारा त्यांच्यामुळें लागला असें तेथील जुनें लोक सांगत.

युवराज्ञीचा किताब यानंतरचा. २४ ऑक्टोबर १९३६ रोजीं इंग्रजांनीं निजामाशीं वऱ्हाडासंबंधीं नवा करार केला. प्रांत परत दिला नाहीं. कारभार पूर्वींप्रमाणेंच मध्यप्रांताला जोडून नागपुरास राहिला, आणि २५ लाखांचा खंड चालू राहिला. मात्र वऱ्हाडावरील निजामाचें स्वामित्व शब्दांनीं मान्य झालें, इंग्रजी निशाणाशेजारीं त्याचें निशाण लावण्याची मुभा मिळाली, 'हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम' असा त्याचा उल्लेख होऊं लागला, आणि इंग्लंडच्या युवराजास वेल्सचें नांव असतें त्या धर्तीवर हैदराबादच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. मुलूख इंग्रजांकडे, नांव निजामाकडे! अशा रीतीनें इस्तंबूलला जन्मलेली, नीसला वाढलेली, तुर्की व फ्रेंच बोलणारी एक तरुणी आमच्या वणी-पुसदची, दारव्हा-केळापूरची नांवाची धनीण झाली. सारा भरण्यासाठीं कापूस विकणाऱ्या आमच्या कुणब्याच्या जीवनांत या पदवीमुळें एका आण्याचा फरक पडला नाहीं.

आणि तरीही त्या पदवींत एक विलक्षण साम्य आम्हांस दिसतें. वऱ्हाड आणि वऱ्हाडची युवराज्ञी या दोघांचीही स्थिति एकच होती. दोघांनाही करारानें दिलें-घेतलें होतें, दोघांच्याही नांवाला मोठा मान होता, आणि दोघांच्याही मनांत काय आहे याची नोंद करारांत कोठें नव्हती.

आतां त्या सोयीचें पुढें काय झालें तें पाहूं. राजकारणाच्या दृष्टीनें सारा डाव फसला. अब्दुल मजीद १९४४ च्या ऑगस्टांत पॅरिस येथें निवर्तले. त्यांच्यासाठीं निजामाच्या राज्यांत, वेरूळजवळच्या खुलताबादेंत, कबर बांधण्यांत आली होती. ती रिकामीच राहिली, आणि त्यांचा देह दहा वर्षें वाट पाहून अखेर मदिनेस पुरला गेला. पैनगंगेच्या पलीकडे रझाकारांचा जुलूम माजला तेव्हां उमरखेडसारखीं आमच्या जिल्ह्यांतील सरहद्दीवरचीं गांवें आश्रयास आलेल्या लोकांनीं व हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांतील कार्यकर्त्यांनीं भरून गेलीं होतीं. ज्या घराण्याची आम्ही येथें हकीकत सांगत आहों, त्याच्या राजवटीची ही बाजू विसरून चालणार नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाई झाली आणि संस्थानचें स्वातंत्र्य संपलें. निजामानें आपला वारसा थोरल्या मुलास न देतां १९५४ मध्यें दुरूशेहवारचा मुलगा मुकर्रम जाह यास नेमून दिला. १९६७ सालीं उस्मान अली खान वारले, मुकर्रम यांस किताब मिळाला, आणि १९७१ मध्यें घटनादुरुस्तीनें साऱ्याच संस्थानिकांचे किताब गेले. 'वऱ्हाडचे युवराज' आझम जाह हे १९७० सालींच निवर्तले होते. युवराज्ञी त्यांच्यापासून केव्हांच विभक्त झाली होती. ती लंडनला राहिली आणि २००६ सालीं तेथेंच वारली. प्रेमाचें प्रकरण या संसारांत शेवटपर्यंत आलें नाहीं.

धाकट्या जावेचा संसार तर याहून कष्टी. मुअज्जम जाह हे 'शजीअ' या नांवानें उर्दू काव्य करीत. हैदराबाद शहर सुधारणा मंडळाचे ते प्रमुख असतां बांधलेला बाजार अजून त्यांच्या नांवानें ओळखला जातो. दोघें हिल फोर्ट राजवाड्यांत राहात. नीलोफरच्या सौंदर्याची आणि साड्यांची चर्चा विलायतच्या नियतकालिकांतून होत असे. पण मूल झालें नाहीं. युरोपांतील वैद्यांचे उपाय झाले, नवससायास झाले असतील, वर्षें गेलीं. ज्या घरांत सोयरीकच नातवासाठीं केलेली, त्या घरांत निपुत्रिक सुनेचें स्थान काय असतें, हें मराठी वाचकास सांगावयास नको. अखेर पतीनें दुसरा विवाह केला.

या रिकाम्या वर्षांत दुसरें महायुद्ध पेटलें, आणि नीलोफरनें परिचारिकेचें शिक्षण घेऊन मदतकार्यांत भाग घेतला.

या एका वाक्यांतील गोष्ट त्या काळीं किती अवघड होती, हें आजच्या पिढीस कदाचित् जाणवणार नाहीं. रुग्णाच्या अंगाला हात लावणें, रक्त पुसणें, मलमूत्र उचलणें हें कुलीन घरच्या बाईचें काम नव्हे अशी समजूत हिंदू-मुसलमान दोहोंकडे सारखीच होती. १८८५ सालीं लेडी डफरीन यांनीं हिंदी स्त्रियांच्या औषधोपचारासाठीं फंड काढला, त्यांच्या नांवाचें अमरावतीचें रुग्णालय वऱ्हाडांतल्या बायकांच्या तोंडीं नुसतें 'डफरीन' होऊन बसलें. तरी तेथें काम करणाऱ्या परिचारिकेच्या घरीं मुलगी देण्यास लोक कचरत. पुण्यास रमाबाई रानडे यांनीं सेवासदनांतून विधवा व निराधार स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत धाडण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांस किती बोलणीं खावीं लागलीं असतील याची कल्पना करावी. ज्या धंद्याकडे आमचीं मध्यम घरें शेवटचा उपाय म्हणून पाहात, त्याकडे खलिफांच्या वंशांतील एक निजामाची सून आपण होऊन गेली. मग तें दुःख विसरण्यासाठीं असो वा वेळ घालविण्यासाठीं असो. हेतूची परीक्षा मनोविकारांनीं नव्हे, परिणामांनीं करावी.

परिणाम पुढें झाला. १९४९ सालीं तिची एक आवडती दासी बाळंतपणांत दगावली. हैदराबादेंत राजवाडे अनेक होते. पण राजवाड्यांतल्या दासीला सुखरूप सोडवील असें बायकामुलांचें स्वतंत्र रुग्णालय हातीं लागलें नाहीं. शुश्रूषा शिकलेल्या डोळ्यांनीं हा मृत्यु पाहिल्यावर तो दैवाचा घाला वाटत नाहीं. वेळेवर काय केलें असतें तर तो टळला असता, तें दिसूं लागतें. आमच्या आजीला नाल्याचा पूर दिसला, नीलोफरला नसलेलें रुग्णालय दिसलें. दोघींत फरक शिक्षणाचा आणि हातीं असलेल्या साधनांचा. अशी दुसरी बाई आतां मरूं द्यावयाची नाहीं असा तिनें निर्धार केला, सासऱ्याकडे शब्द टाकला, आणि ज्या निजामाच्या कंजुषीच्या गोष्टी घरोघर सांगत त्यानें तो मानला. हैदराबादच्या रेड हिल्स भागांत १९५३ मध्यें शंभर खाटांचें नीलोफर रुग्णालय सुरू झालें. तें आजही चालू आहे, आणि लहान मुलांच्या उपचारासाठीं त्याचें नांव साऱ्या तेलंगणांत आहे.

पण तें सुरू होण्यापूर्वींच, १९५२ सालीं, नीलोफर पतीपासून घटस्फोट घेऊन मोकळी झाली होती. ती पॅरिसला राहिली, १९६३ मध्यें तिनें आपल्या पसंतीनें एका अमेरिकन गृहस्थाशीं विवाह केला, आणि १९८९ सालीं तेथेंच देह ठेवला. थोरल्या जावेनेंही हैदराबादेस, पुराण्या हवेलींत, मुलांचें रुग्णालय काढलें. तें तिच्या नांवानें आहे. ज्या सोयरिकीपासून खिलाफतीचें पुनरुज्जीवन व्हावयाचें होतें, तिच्यापासून शेवटीं दोन दवाखाने निघाले. तिचें याहून मोठें फळ आम्हांस तरी दिसत नाहीं.

सोयीचा विवाह वाईट, प्रेमाचा चांगला, असा सोपा सिद्धांत काढून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. आमचे आजे-पणजे सोयीनेंच संसार करून गेले, आणि त्यांत सुखी जोडपीं नव्हतीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: सोय कोणाची? आणि जिची सोय कोणीं पाहिली नाहीं, तिला पुढें स्वतःचें कांहीं करण्यास जागा राहिली काय? कादंबरी या प्रश्नाला बगल देते. तिच्यांत शेवटीं नवऱ्याचें मन वळतें आणि सर्व हिशेब फिटतो. खऱ्या जगांत पुष्कळदां नवऱ्याचें मन वळत नाहीं. मग काय करावयाचें, हें सांगणारीं पुस्तकें थोडीं. नीलोफरच्या आयुष्यांत त्याचें एक उत्तर आहे. तिला पैसा होता, सासऱ्यापर्यंत शब्द पोंचविण्याची सोय होती. हें सर्वांस नसतें हें खरें. पण राजवाड्यांत पैसा असलेल्या पुष्कळ स्त्रिया होत्या, आणि पट्टी बांधावयास शिकलेल्या फार थोड्या.

वऱ्हाडाच्याही बाबतींत हाच प्रश्न लागू पडतो. शंभर वर्षें त्याचे करार झाले: १८५३, १९०२, १९३६. प्रत्येक करारांत दोन पक्ष होते, आणि तिसरा, म्हणजे ज्याच्याबद्दल करार तो, कधींच नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली तेव्हां ते सारे कागद निकालांत निघाले, आणि १९५२ पर्यंत चाललेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत यवतमाळच्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास प्रथमच मत विचारण्यांत आलें. त्याच १९५२ सालीं नीलोफरनें आपल्यासाठीं झालेल्या कराराचा शेवट केला. हा निव्वळ योगायोग; आम्ही त्यावर तत्त्वज्ञान रचूं इच्छित नाहीं. परंतु वर्गांत आमच्यासमोर ज्या मुली बसतात, त्यांत परिचारिकेच्या शिक्षणाला जाण्याची इच्छा असलेल्या पुष्कळ असतात, आणि घरून त्यांस अजूनही 'आधीं लग्नाचें पाहूं' असें सांगण्यांत येतें. अशा एका विद्यार्थिनीनें गेल्या वर्षीं आम्हांस विचारलें कीं वऱ्हाडची राजकन्या अशी कोणी खरोखर होती काय. आम्हीं तिला युवराज्ञीची हकीकत सांगितली, आणि मग तिच्या जावेचीही सांगितली. दुसरी गोष्ट तिनें वहींत लिहून घेतली, आणि घरीं आईला दाखवीन असें म्हणाली.